खाणीतले सुरुंग आणि कोयनेचे धक्के

‘दगडखाणीतील सुरुंगांमुळेच कोयना-पाटण भागात भूकंप होतात’ हा समज सातारा जिल्ह्यात जुना आहे. खिडक्यांची तावदाने दोन्ही वेळी थरथरत असल्याने तो पटतोही.

सुरुंगाचे भोक मात्र काही मीटर खोल असते आणि त्याची कंपने थोड्या अंतरात विरतात, तर कोयनेचे भूकंप जमिनीखाली काही किलोमीटरवर उगम पावतात व अभ्यासक त्यांचा संबंध प्रामुख्याने जलाशयाशी जोडतात. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पहाटे साडेचारच्या सुमारास झाला, तोही दूरवर जाणवला.

धक्क्याची वेळ टिपून दूरच्या तालुक्यातील नातेवाइकांना विचारावे. त्यांनाही जाणवला असल्यास तो सुरुंग नव्हे. खाणीलगतच्या घरांना तडे, उडणारे दगड आणि फुप्फुसात जाणारी बारीक धूळ या तक्रारी मात्र खऱ्या असू शकतात.