इलेक्ट्रिक गाडी घ्यायच्या आधी घरचा हिशोब (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी,

आमचं कुडाळातलं वायरिंगचं छोटं दुकान, आणि आता काही वर्षं आम्ही घरोघरी गाडीचे चार्जर पण बसवतो. काउंटरवर येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "घेव काय रे इलेक्ट्रिक, परवडतली मां?" तर त्याचं उत्तर शोरूमपेक्षा तुमच्या लाईट बिलात आणि आत्ताच्या गाडीच्या किलोमीटरमध्ये जास्त आहे, ते कसं ते इथे लिहितोय, जरा निवांत वाचा.

साधा हिशोब धरू. पेट्रोल 105 रुपये लिटर, छोटी गाडी घाटवळणाच्या रस्त्याला 16 चा ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. इलेक्ट्रिक छोटी गाडी चार्जिंगमधली घट पकडून एका युनिटला 6 किलोमीटर धरा, युनिट 12 रुपये धरलं तर किलोमीटरला 2 रुपये. वाचले साडेचार. आता गाडीच्या किमतीत 3 लाखांचा फरक असेल आणि तुम्ही वर्षाला 15,000 किलोमीटर फिरत असाल तर वर्षाचे 67,500 वाचतात, साडेचार वर्षांत फरक निघून येतो. पण गाडी फक्त बाजाराला, लग्नकार्याला आणि गणपतीत बाहेर निघत असेल, वर्षाला 5,000 च होत असतील, तर तोच फरक निघायला 13 वर्षं लागतात. अशा घराला आम्ही सरळ सांगतो की आहे ती गाडी चालवा, आमचा चार्जर नाही विकला गेला तरी चालेल. उलट रोज सावंतवाडी-कणकवली करणारे, टुरिस्ट गाडी चालवणारे, यांनी मात्र हा विचार पुढे ढकलू नये, त्यांचे पैसे रोज पंपावर जातायत.

या हिशोबात सबसिडी का नाही असं लोक विचारतात. कारण खाजगी कारला केंद्राची थेट सबसिडी मिळतच नाही. केंद्राच्या फेम-2 या इलेक्ट्रिक गाड्यांच्या योजनेत चारचाकीची सबसिडी टॅक्सीसारख्या धंद्याच्या गाड्यांना होती, ती योजना 31 मार्च 2024 ला संपली, नंतर ऑक्टोबर 2024 पासून पीएम ई-ड्राइव्ह आली त्यातही खाजगी कार नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत इन्कम टॅक्सची सूट होती, ती फक्त 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना. म्हणजे काही वर्षांपूर्वी मेव्हण्याला काय मिळालं त्यावर तुमचा हिशोब बसवू नका.

खरी मदत करातून येते. इलेक्ट्रिकवर ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के जीएसटी आहे आणि तेव्हा पेट्रोल गाडीवर 28 टक्के आणि वर सेस असायचा, पण 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या 18 टक्क्यांवर आल्या, म्हणजे छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिकचा जो फायदा होता तो कमी झाला. नॉर्वेत याच्या बरोब्बर उलटं केलं, पेट्रोल गाडीवर जबर कर आणि इलेक्ट्रिकला 25 टक्के व्हॅट माफ, आणि ते वर्षानुवर्षं टिकवलं, म्हणून 2024 मध्ये तिथे विकलेल्या दर 10 नवीन गाड्यांतल्या जवळजवळ 9 इलेक्ट्रिक होत्या. धोरण टिकलं की लोक धीर करतात असं आमचं स्पष्ट मत आहे. राज्याच्या 2025 च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, ती मुंबईच्या चाकरमान्यांना उपयोगी, आपला 66 नंबरचा हायवे त्यात येत नाही.

बॅटरीची भीती सगळ्यांना असते. साधारण 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर अशी वॉरंटी बऱ्याच कंपन्या देतात, कागद नीट वाचून घ्या. बॅटरी स्वस्त होतेय हे पण खरं, 2010 मध्ये एका युनिट क्षमतेला 1000 डॉलरच्या वर पडायचे ते 2024 मध्ये 115 च्या आसपास आले.

लाईट बिल आणि सोलर

महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटचे. समजा घरात महिन्याला 120 युनिट लागतात, गाडी 1250 किलोमीटर फिरली की अजून 208, झाले 328, म्हणजे 28 युनिट पुढच्या महाग टप्प्यात गेले. एवढं चालतं. पण घरात आधीच दोन एसी असतील तर गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या दराने पडेल आणि 12 रुपयांचा हिशोब कोलमडेल, त्यांनी चार्जिंगसाठी वेगळा मीटर घ्यायचा का ते आधी आम्हाला विचारा.

छपरावर सोलर असेल तर सोन्याहून पिवळं. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी आहे आणि उन्हाच्या दिवसांत त्यातून रोज 12 युनिटपर्यंत मिळतात. फक्त एक गोष्ट, नेट मीटरिंगमध्ये (सोलरची जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलात वळती करायची पद्धत) साठलेल्या युनिटांचा हिशोब 31 मार्चला बंद होतो, त्यामुळे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत साठवलेलं पावसाळ्यात वापरता येत नाही, जूनमध्ये आभाळ भरून आलं की हाताशी फक्त एप्रिल-मे ची शिल्लक असते. सोलर किती किलोवॅटचं घ्यायचं ते यावर ठरवा.

बाहेरचं चार्जिंग घरच्यापेक्षा बरंच महाग पडतं, कारण स्टेशनवाल्याला मशिन, ट्रान्सफॉर्मर, फिक्स चार्जेस बारा महिने भरायचे आणि गर्दी गणपतीत, मे महिन्यात आणि नाताळात. गाड्या कमी म्हणून स्टेशनं कमी, स्टेशनं कमी म्हणून लोक गाडी घेत नाहीत. त्यामुळे मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे, एक 7 किलोवॅटचा चार्जर लावा, रात्रभरात पाहुण्याची गाडी भरते. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विकायचं लायसन्स लागत नाही हे केंद्राने 2018 मध्येच स्पष्ट केलंय, फक्त घरगुती मीटरवरून हा धंदा करू नका.

आपल्या जमिनीचं काय

हे शोरूमवाला सांगत नाही. आपल्याकडे जांभा आणि कातळ, उन्हाळ्यात सुकला की अर्थिंग (बिघाड झाला तर करंट जमिनीत उतरवणारी जोडणी) मिळत नाही. गेल्या मे मध्ये एका घरी पडवीतला 16 अँपचा सॉकेट वितळलेला बघितला, त्याच जुन्या वायरीवर रोज 9-10 तास गाडी लावत होते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक. नशिबाने कुणाला काही झालं नाही. म्हणून गाडीला मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतःचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात म्हणून सर्ज प्रोटेक्शन (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून बचाव), हे तिन्ही आम्ही घालतोच, यात कुणी कमी करायला सांगितलं तर काम घेत नाही. किनाऱ्यालगत खारी हवा लागते तिथे डबा प्लास्टिकचा आणि बंद लागतो, पत्र्याचा दोन पावसाळ्यांत गंजतो. आणि 7 किलोवॅटचा चार्जर लावायचा तर मंजूर भार (महावितरणने तुमच्या मीटरला दिलेली किलोवॅटची मर्यादा) वाढवून घ्यावा लागतो, तो अर्ज गाडी बुक केली त्याच दिवशी टाका, नाहीतर गाडी खळ्यात उभी आणि चार्जर बंद.

तौक्ते वादळात 2021 ला गावंच्या गावं किती दिवस अंधारात होती ते आपण भोगलंय. वादळाचा इशारा आला की गाडी आधीच फुल करून ठेवायची आणि चार्जरचा एमसीबी (बोर्डावरचा मेन स्विच) खाली पाडायचा.

येताना मागच्या 12 महिन्यांची लाईट बिलं आणि गाडीच्या किलोमीटरचा फोटो आणा, हिशोब समोर बसून करून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. अर्थिंगचं माप मात्र आम्ही एप्रिल-मे मध्येच घेतो, कारण भर पावसात ओल्या जमिनीत कुठलाही खड्डा पास होतो आणि तोच मे मध्ये नापास. पावसाळ्यात चार्जर बसवला असेल तर पुढच्या मे मध्ये आम्ही परत येऊन मोजून जातो, तेवढं आठवणीने फोन करा.