अधिकृत कोण, अनधिकृत कोण? हातांविना गेमिंगची पार्श्वभूमी

२०२३ मध्ये एक्सबॉक्सने अनधिकृत साधने बंद केली आणि त्यावरून वाद पेटला, कारण हातांविना खेळणारे काही दिव्यांगही तीच साधने वापरत होते. त्या वादामागची गोष्ट बरीच जुनी आहे. नळीतून हवा ओढून आणि फुंकून यंत्र चालवण्याची युक्ती व्हिडिओ गेमपेक्षा जुनी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात, मणक्याच्या दुखापतीमुळे हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण अशा नळीने टाइपरायटर चालवू लागले होते. गेमिंगमध्ये ती १९८९ साली आली. निन्टेन्डोच्या एनईएस या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठी (कन्सोलसाठी) अमेरिकेत छातीवर पट्ट्यांनी बांधायचा कंट्रोलर निघाला. त्याची जॉयस्टिक हनुवटीने ढकलायची, नळीतून हवा ओढली की एक बटण दाबले जाई आणि फुंकली की दुसरे. तो दुकानात मिळत नसे, कंपनीला फोन करून मागवावा लागे. त्या काळी मुख्य बटणे दोनच होती, म्हणून हे जमले. पुढे कंट्रोलरवर दोन जॉयस्टिक आणि डझनभर बटणे आली, आणि एका तोंडाला एवढा पसारा झेपेना. त्यानंतरची बरीच वर्षे हा प्रश्न घरगुती जुगाड करणाऱ्यांवर आणि छोट्या कारागिरांवर सोडून दिला गेला.

आवाजाची गोष्ट वेगळी. तो आला मौज म्हणून. १९९८ साली जपानमध्ये निन्टेन्डो ६४ वर माईकमधून पिकाचूशी बोलायचा गेम आला. २०१० साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलसाठी हालचाल आणि आवाज ओळखणारे किनेक्ट आले, आणि २०१२ पासून ‘स्कायरिम’ या गेममधल्या डरकाळ्या खरोखर ओरडून मारता येऊ लागल्या. २०१३ साली एक्सबॉक्स वनसोबत किनेक्ट सक्तीने गळ्यात मारले गेले, तेव्हा संचाची किंमत ४९९ डॉलर होती. लोकांनी नाक मुरडले. पुढच्या जूनमध्ये किनेक्टविना ३९९ डॉलरचा संच आला आणि २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादनच थांबले. बहुतेकांना त्याची उणीव भासली नाही. ज्यांना आवाजाची खरी गरज होती, त्यांचा विचार ते आणताना झाला नव्हता आणि काढतानाही झाला नाही.

पीसीवर मात्र आवाज टिकला. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून बोललेले ओळखण्याची सोय संगणकातच आली. तिच्यावर ‘व्हॉइसअटॅक’सारखी छोटी सॉफ्टवेअर उभी राहिली. शब्द उच्चारला की ठरवलेली कळ दाबली जाते, एवढेच त्यांचे काम. ‘एलिट डेंजरस’ या अंतराळयानांच्या गेममधले वैमानिक यानाची चाके उघडायला ते हौसेने वापरत, तर हात न चालणारे खेळाडू गरजेने. अडचण उशिराची असते. शब्द पूर्ण झाल्याशिवाय यंत्राला तो कळत नाही, आणि गोळीबाराच्या खेळात तेवढ्यात खेळ खलास होतो. म्हणून ‘टॅलन’सारख्या, आवाजाने संगणक चालवण्याच्या प्रणालीत ओठांचा ‘पॉप’ किंवा ‘स्स्स’ असा नुसता आवाजही आज्ञा म्हणून वापरता येतो. त्याला शब्दाइतका वेळ लागत नाही. विंडोजची ती मूळ आवाज-ओळख डिसेंबर २०२३ मध्ये मोडीत काढल्याचे जाहीर झाले. तिची जागा ‘व्हॉइस ॲक्सेस’ने घेतली.

सप्टेंबर २०१८ मध्ये दिव्यांग खेळाडूंसाठीचा ९९.९९ डॉलरचा एक्सबॉक्स ॲडाप्टिव्ह कंट्रोलर बाजारात आला. त्याची दोन मोठी बटणे प्रत्येक फोटोत दिसतात, पण खरी करामत मागच्या बाजूला आहे. तिथे ३.५ मि.मी.च्या १९ खाचा आहेत. इअरफोनच्या पिनेचाच हा आकार, आणि विशेष शाळांत व उपचार केंद्रांत वापरले जाणारे साधे स्विच कित्येक वर्षे याच पिनेचे येत होते. म्हणजे कपाटातला जुना स्विच थेट गेमला जोडता येऊ लागला. खर्च मात्र तेवढ्यावर भागत नव्हता, कारण स्विच वेगळे घ्यावे लागत आणि एकेकाची किंमतही कमी नसे. नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉजिटेकने १२ बटणांचा संच ९९.९९ डॉलरला आणला, तेव्हा कुठे हे गणित थोडे सुटले.

यानंतरच्या घडामोडींत खरा वादाचा मुद्दा एकच आहे. तो नीट समजला नाही, तर पुढचे काहीच उलगडत नाही.

ॲडाप्टिव्ह कंट्रोलर सगळ्यांना पुरत नाही. ज्यांचे मानेखाली काहीच हलत नाही, असे अनेक जण ‘क्वाडस्टिक’ नावाची तोंडाने चालवायची जॉयस्टिक वापरतात. तिच्यात फुंकण्या-ओढण्याची भोके आहेत आणि ओठांनी दाबायचा सेन्सर आहे. ही एका छोट्या निर्मात्याची वस्तू आहे. ती एक्सबॉक्सला जोडायची तर मध्ये तिसऱ्याच कंपनीचा ॲडॉप्टर लागे, आणि तो कन्सोलला ‘मी तुमचाच कंट्रोलर आहे’ असे भासवी. नेमके असेच ॲडॉप्टर लावून काही धडधाकट खेळाडू कन्सोलवर माउस चालवत, बंदुकीचा झटका आपोआप सावरणाऱ्या स्क्रिप्ट चालवत. एकच डबी एकाला खेळात येऊ देत होती आणि दुसऱ्याला खेळात फसवू देत होती. आवाजाचेही तेच आहे. एका शब्दावर पाच कळा दाबल्या गेल्या, तर त्याला सोय म्हणायचे की मॅक्रो, म्हणजे अनेक कळा आपोआप दाबणारी पळवाट?

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस एक्सबॉक्सच्या पडद्यावर ०एक्स८२डी६०००२ हा एरर कोड झळकू लागला. जोडलेले साधन अनधिकृत आहे, १२ नोव्हेंबरनंतर ते चालणार नाही, असा इशारा त्यात होता. मुदत दोन आठवड्यांची. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत खुलाशात दर्जा, सुरक्षितता आणि खेळाचा अनुभव एवढेच मुद्दे होते. चीटिंगला आळा घालण्यासाठीच हे चालले आहे, हा अर्थ लोकांनी काढला आणि तो अगदीच निराधार नव्हता, कारण त्याच वर्षी ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या गोळीबाराच्या गेमने अशी साधने पकडायला सुरुवात केली होती. काहींच्या मते खरे कारण साधने बनवणाऱ्या कंपन्यांकडून घेतले जाणारे परवाना शुल्क हे होते.

निर्णयाची बाजू घेणारे म्हणत, दिव्यांगांसाठी अधिकृत कंट्रोलर आहे, त्याच्या खाचांना जोडलेले स्विच चालूच राहतील, मग बिघडले काय? हा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. त्यात गृहीत असे धरले आहे की प्रत्येकाची गरज त्या १९ खाचांत बसते. तशी ती बसत असती, तर ॲडॉप्टर कोणी विकत घेतलेच नसते. चीटिंग करणारा दुसरी पळवाट शोधतो किंवा सरळ हाताने खेळतो. तोंडाने खेळणाऱ्याला मात्र दुसरा मार्ग नसतो. दिव्यांग खेळाडूंसाठी काम करणाऱ्या संस्थांनी हेच मांडले. आधी सल्लामसलत आणि मग बंदी, हा योग्य क्रम इथे उलटा झाला, असे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे. चीटिंगचा त्रास खोटा आहे, असा याचा अर्थ नाही. रोज हरणाऱ्यांनाही त्यांची बाजू आहे.

बंदीनंतर अवघ्या महिन्याभरात, ६ डिसेंबरला, सोनीच्या प्लेस्टेशन ५ साठी गोलाकार ‘ॲक्सेस’ कंट्रोलर आला. त्यात बाहेरची साधने जोडायला खाचा चारच, पण बटणांच्या टोप्या बदलता येतात. एक्सबॉक्सच्या बाजूनेही पुढे परवानाधारक साधने वाढली. २०२४ मध्ये स्वस्त ॲडाप्टिव्ह जॉयस्टिक जाहीर झाली. दारातून कोणाला आत घ्यायचे हे अजूनही कन्सोलवालेच ठरवतात, फक्त यादी थोडी लांबली आहे. मार्च २०२५ मध्ये गेमच्या ऑनलाइन विक्रीच्या पानांवर सुगम्यतेच्या सोयी सांगणाऱ्या २४ खुणांची योजना पुढे आली. तिचा उपयोग खरेदीआधी होईल, पण साधनांच्या परवान्याशी तिचा संबंध नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना चालना देण्याचे कलम आहे. पण इथे बहुतेक गेमिंग मोबाइलवर चालते आणि वरचा बराचसा वाद कन्सोलचा आहे. आवाजाच्या वाटेवर भाषेची अडचण आहे. ऑगस्ट २०१७ पासून फोनवर मराठी बोलून मजकूर लिहिता येतो, पण विंडोजच्या जुन्या आवाज-ओळखीत मराठी कधीच नव्हती, त्यामुळे आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागत. चेहऱ्याच्या हालचालींनी खेळायचे तर ही अडचण नाही. मे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या गूगलच्या ‘प्रोजेक्ट गेमफेस’ला साधा वेबकॅम पुरतो. मान वळवली की कर्सर सरकतो, भुवई उंचावली किंवा तोंड उघडले की क्लिक होते. त्याचा कोड खुला आहे. मे २०२४ मध्ये त्याची अँड्रॉइड आवृत्ती आली, तेव्हा भारतातल्या एका सामाजिक उपक्रमासोबत त्याचा वापर गेमच्या पलीकडे, म्हणजे घरच्यांना मेसेज टाइप करणे आणि नोकरी शोधणे यांसाठी, कसा होईल याची चाचपणी सुरू झाली होती.