गोपनीय इश्यू कसा नोंदवावा: पात्रता, जोडायची माहिती आणि प्रक्रिया

सुरक्षेतली त्रुटी, चुकून उघडा पडलेला पासवर्ड किंवा टोकन (पासवर्डसारखी चालणारी गुप्त किल्ली), वापरकर्त्यांची वैयक्तिक माहिती असलेला लॉग. यातलं काहीही नोंदवायचं असेल तर सबमिट दाबण्याआधीच तो इश्यू (प्रोजेक्टच्या ट्रॅकरमधली त्रुटीची किंवा कामाची नोंद) गोपनीय, म्हणजे ठरावीक लोकांनाच दिसेल असा करा, दाबल्यावर नव्हे. इश्यू दाखल होताच प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्यांना त्याचा मजकूर मेलने जातो. मागाहून गोपनीयतेची खूण केलीत तरी गेलेला मेल परत येत नाही. टोकनच्या बाबतीत तर नोंद दुय्यम आहे: ज्याचं टोकन आहे त्याने ते आधी रद्द करून नवं काढावं, मग लिहायला बसावं.

कोण नोंदवू शकतो, कोणाला दिसतं

गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवेवरच्या सार्वजनिक प्रोजेक्टमध्ये इश्यू सुरू असतील तर लॉगिन असलेला कोणीही गोपनीय इश्यू टाकू शकतो. तो दिसतो नोंदवणाऱ्याला, ज्याच्याकडे सोपवला त्याला आणि गेस्टच्या (मोजके अधिकार असलेल्या पाहुण्या सदस्याच्या) वरची भूमिका असलेल्या सदस्यांना. गेस्टला दुसऱ्याचा गोपनीय इश्यू यादीतही दिसत नाही.

रेडमाइन या इश्यू ट्रॅकरमध्ये ‘खासगी’ची चौकट परवानगी असलेल्या भूमिकेलाच मिळते. इथली खरी मेख दुसरीकडे आहे. एखाद्या भूमिकेला ‘सर्व इश्यू’ पाहण्याची मुभा दिलेली असेल, तर त्या भूमिकेतल्या प्रत्येकाला खासगी इश्यूही दिसतात. त्यामुळे चौकट देण्याआधी भूमिकांची ही सेटिंग तपासणं अॅडमिनचं काम.

जिरा या ट्रॅकरमध्ये अॅडमिनला सुरक्षा-स्तरांची (कोणता इश्यू कोणाला दिसावा हे ठरवणारी) योजना बनवून ती प्रोजेक्टला जोडावी लागते, आणि स्तर निवडण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. स्तरात ‘रिपोर्टर’ (नोंदवणारा) घालायला विसरलात तर नोंदवणाऱ्यालाच आपला इश्यू दिसेनासा होतो. मग तो ‘इश्यू हरवला’ म्हणून दुसरा टाकतो, आणि तो दुसरा बहुधा उघडा असतो.

गिटहब या कोड ठेवण्याच्या दुसऱ्या सेवेवर एखादा इश्यू गोपनीय करण्याची सोयच नाही. त्याऐवजी सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यासाठी) त्रुटी खासगीत कळवण्याची वेगळी व्यवस्था आहे, तीही मालकाने चालू केली असेल तरच. तसं असेल तर सिक्युरिटी टॅबमध्ये ‘रिपोर्ट अ व्हल्नरेबिलिटी’ बटण दिसतं. बटण नसेल तर रिपॉझिटरीत ‘सिक्युरिटी’ नावाची फाइल शोधा, तीही नसेल तर संस्थेच्या संकेतस्थळावरची ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’. या दुसऱ्या फाइलचं स्वरूप २०२२ सालच्या आरएफसी ९११६ या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजात ठरलं आहे. तिच्यात संपर्काचा पत्ता आणि मुदतीची तारीख असावीच लागते. काहीच सापडलं नाही, तर ‘सुरक्षेबाबत कोणाशी खासगीत बोलावं?’ एवढ्या एका ओळीचा उघडा इश्यू टाका. तपशिलाचं एक अक्षरही नको.

काय जोडावं

नेमकी आवृत्ती किंवा कमिटचा (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलाचा) क्रमांक, त्रुटी पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, शक्य तितका छोटा नमुना कोड, आणि हल्लेखोराच्या हाती त्यातून काय लागेल याची दोन वाक्यं. आवृत्ती नसली की पहिला आठवडा विचारपूस करण्यातच जातो.

ब्राउझरमधून काढलेली हार फाइल (ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या देवाणघेवाणीची नोंद) जशीच्या तशी कधीच जोडू नका. ती एडिटरमध्ये उघडा आणि ‘कुकी’ व ‘ऑथरायझेशन’ या हेडरांपुढचा मजकूर शोधा. तिथे तुमच्या चालू सेशनची (लॉगिनची) ओळख असू शकते, आणि ती उचलून कोणीही तुमच्या खात्यात शिरू शकतं. तो मजकूर पुसा, मग लॉगआउट करा. स्क्रीनशॉटमध्ये अॅड्रेस बारही पाहा, टोकन कधीकधी यूआरएलमध्येच असतं. शिवाय काही ट्रॅकरांत जोडलेल्या चित्राची थेट लिंक लॉगिनशिवायही उघडते. ब्राउझरच्या खासगी विंडोत ती लिंक टाकून एकदा खात्री करा.

नोंदवण्याची प्रक्रिया (गिटलॅब)

नवा इश्यू उघडा, वर्णनाखालची गोपनीयतेची चौकट आधी टिक करा, मगच टाइप करायला घ्या. शीर्षक मोघम ठेवा, कारण मेलच्या विषयात तेच जातं. ‘लॉगिन पानावरची त्रुटी’ पुरे. कोणत्या फील्डमधून कोणती क्वेरी घुसवता येते ते वर्णनात लिहा. सबमिट केल्यावर लॉगआउट होऊन तीच लिंक उघडून पाहा. पान दिसता कामा नये.

गुपित फुटतं कुठे

बहुतेक वेळा इश्यूतून नाही, दुरुस्तीतून. सार्वजनिक प्रोजेक्टमध्ये मर्ज रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) उघडीच असते. म्हणून दुरुस्ती खासगी फोर्कमध्ये (प्रोजेक्टच्या वेगळ्या प्रतीत) करायची. गिटलॅब अशा इश्यूवरून शाखेचं (दुरुस्तीसाठी काढलेल्या कोडच्या वेगळ्या धाग्याचं) नाव सुचवताना शीर्षक वगळून फक्त इश्यू क्रमांक आणि ‘कॉन्फिडेन्शियल इश्यू’ एवढंच घालतं. पण हाताने ‘टोकन-बायपास-फिक्स’ अशी शाखा काढून पुश केली (सर्व्हरवर चढवली) की ती काळजी वाया जाते. कमिट संदेशाचंही तसंच. गिटहबच्या तात्पुरत्या खासगी फोर्कवर सीआय (आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा) चालत नाही, तेव्हा चाचण्या आपल्या मशीनवर चालवून घ्या.

दुसरी गळती चॅटची. वेबहुक (इश्यूतल्या घडामोडी चॅटसारख्या दुसऱ्या साधनाला आपोआप कळवणारी जोडणी) लावताना गोपनीय इश्यूंच्या घटनांसाठी गिटलॅबमध्ये वेगळी खूण असते. सगळ्यांच्या चॅनेलला जोडलेल्या हुकवर ती बंद ठेवा.

तिसरी गळती खात्यांची, आणि ती सगळ्यांत महाग. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं की विशेष अधिकार असलेल्या एका खात्यातून हल्लेखोराने बगझिला या त्यांच्या ट्रॅकरमधले १८५ अप्रकाशित बग पाहिले होते, त्यांतले ५३ गंभीर होते. त्या खातेदाराने तोच पासवर्ड दुसऱ्या साइटवर वापरला होता आणि ती साइट फुटली होती. तेव्हा गोपनीय इश्यू पाहू शकणाऱ्या प्रत्येकाला दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं करा, आणि काम सोडून गेलेल्यांची नावं गटातून त्याच दिवशी काढा.

कधी उघडा करायचा

दुरुस्त आवृत्ती बाहेर पडल्यावर. गूगलचा प्रोजेक्ट झीरो (सुरक्षेतल्या त्रुटी शोधणारा चमू) दुरुस्तीसाठी साधारण ९० दिवस देतो. लिनक्स वितरणांच्या (लिनक्सच्या वेगवेगळ्या संचांच्या) सुरक्षेविषयीच्या खासगी मेलयादीवर कमाल मुदत १४ दिवसांची आहे. नोंदवतानाच तारीख ठरवून इश्यूत लिहा. खूण काढण्याआधी पहिल्यापासून सगळ्या टिप्पण्या वाचा, कारण इश्यूबरोबर त्याही उघड्या होतात. गिटलॅबमध्ये ‘अंतर्गत टीप’ म्हणून लिहिलेल्या तेवढ्या झाकलेल्या राहतात.