पडीक गाडी आणि रद्द झालेली गाडी: भंगारातून जुनी मोटार उचलण्याआधी

सोलापुरातून मंगळवेढ्याच्या किंवा अक्कलकोटच्या अंगाला गेलं की रस्त्यापासून आत, वेड्या बाभळीत निम्मी बुडालेली एखादी पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर नजरेस पडते. चाकं गेलेली, सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या. शेजारी तशीच दुसरी. भंगारवाला दोन्हींचा भाव किलोवर सांगतो, आणि जुन्या गाड्यांचा नाद असलेला माणूस दोन्हींकडे एकाच आशेनं बघतो. पण त्यातली एक नुसती पडीक असू शकते आणि दुसरी सरकारदरबारी संपलेली. पहिली पुन्हा रस्त्यावर येते. दुसरीवर कितीही पैसा ओता, ती येत नाही. आणि पत्र्याकडे बघून हे कळत नाही. रद्द झालेलीचा पत्रा कधी कधी जास्त चांगला असतो.

पडीक गाडीची गोष्ट साधी असते. मालक वारला, मुलं पुण्याला गेली, नोंदणीची १५ वर्षं संपली, नूतनीकरण राहून गेलं, शेवटी वाड्याची जागा अडते म्हणून गाडी देऊन टाकली. ही नोंदणीची मुदत संपली, एवढंच. तपासणी करून, थकलेला कर, पर्यावरण कर आणि दंड भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. रद्द होणं वेगळं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी परत द्यायची, आणि नोंदणी रद्द होते.

म्हणून आवारात गेल्यावर आधी बोनेट उघडायचं. पद्मिनीच्या, म्हणजे फियाटच्याच, इंजिनामागे, केबिनच्या बाजूला जो उभा पत्रा असतो त्यावर चासी नंबर ठोकलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन तिथली काजळी हळू पुसा. वायर ब्रश मारू नका, आकडे उथळ असतात आणि घासले गेले की पुढे तपासणीत तुम्हालाच उत्तर द्यावं लागतं. तिरपा टॉर्च धरला की आकडे उठून दिसतात. कधी तिथे आकड्यांऐवजी कटरनं कापलेलं चौकोनी भोक सापडतं. गाडी भंगारात काढताना चासी नंबरचा तुकडा कापून घेतात, त्याची ती खूण. असं भोक दिसलं की त्या गाडीचा विषय संपला, ती सुट्या भागांपुरती उरली.

नंबर शाबूत असला तरी काम संपत नाही. मग गाडीचा नोंदणी नंबर सरकारच्या वाहन पोर्टलवर शोधायचा. जुन्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्या तिथे बऱ्याचदा सापडत नाहीत, कारण त्यांच्या नोंदी अजून रजिस्टरमध्येच आहेत. ऑनलाइन नाही म्हणजे रद्द, असं समजून पुष्कळ चांगल्या गाड्या कटरखाली गेल्या आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. जिथली नोंदणी असेल त्या आरटीओत अर्ज देऊन जुनी नोंद काढायची, ती सापडली की बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, घ्यायची. आपल्या भागातली गाडी असली तरी एमएच-१३ ही मालिका १९८९ नंतरची, त्याआधीचा नंबर वेगळा असणार.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. रद्द गाडीचा चांगला पत्रा आणि दुसऱ्या गाडीचे चालू कागद यांची जोडी लावून देणारे लोक भेटतात. नंबरचा तुकडा कापून दुसरीकडे वेल्डिंग करतात. हा गुन्हा आहे. अशी गाडी घेऊ नका, विकू नका.

आता पत्रा. सोलापूर पर्जन्यछायेत, त्यामुळे इथल्या गाड्या मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांपेक्षा कमी गंजतात. उन्हानं मात्र रबर, डॅशबोर्ड आणि वायरिंगचं आवरण तडकून जातं, ते सगळं नवीन घालायचं असं धरूनच चाला. खाली जमीन कोणती आहे तेही बघा. मुरमावर उभी गाडी टिकते. काळ्या मातीत रुतलेली गाडी सप्टेंबरच्या पावसानंतर कितीतरी दिवस खालून ओली राहते. फियाट आणि ॲम्बॅसॅडरला जीपसारखी वेगळी चासी फ्रेम नसते, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून दाराखालच्या पट्टीत आणि फ्लोअरमध्ये स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. तांबूस थर निघून खाली कडक पत्रा लागला तर काळजी नाही. टोक आरपार गेलं तर तो खर्च आधी हिशोबात धरा. चुंबक चिकटत नसेल तिथे पुट्टीच आहे.

रद्द गाडी निरुपयोगी नाही. काचा, पुढच्या दाराची तिकोनी काच, हँडल, मीटर, स्टिअरिंगजवळच्या गिअरची लिंकेज, बंपर हे सगळं तिथूनच मिळतं, कारण पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षांच्या वर झाली. फक्त मॉडेल ओळखा. पन्नासच्या दशकातल्या डुक्कर फियाटच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे ते दार १९६४ नंतरच्या फियाट डिलाइटला किंवा पद्मिनीला बसत नाही.

पण चालू नोंदीची गाडी सुट्या भागांसाठी फोडू नका. १९४४ मध्ये पद्मिनीची कंपनी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, काढणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरातच जन्मले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली त्यांच्या कंपनीची गाडी इथल्या आवारात किलोवर जावी, हे मला सहन होत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे. चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असावं लागतं आणि गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात बसतात.

इंजिन जाम असेल तर जागेवर सेल्फ मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हातानं फिरवून बघा.

भंगारवाल्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या लागतात. वारला असेल तर आधी वारसानं फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची, मग तुमच्या. म्हणून आवारात फक्त टोकन द्या, मूळ मालकाचं गाव विचारून घ्या आणि उरलेले पैसे त्या घरी जाऊन आल्यावरच मोजा.