मनगट पडले, पाऊल घासते: स्प्लिंट घेण्याआधी आणि घेतल्यावर

स्प्लिंट म्हणजे हातापायाला ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा बाहेरचा आधार. तो बनवून घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: स्प्लिंटने नस बरी होईल ना? नाही. नस (इथे रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायूंपर्यंत संदेश नेणारा मज्जातंतू) आपल्या गतीने भरून येते. तोवर सांधे आखडू नयेत, लुळे पडलेले स्नायू ताणून राहू नयेत आणि हातापायाने रोजची कामे करता यावीत, यासाठी स्प्लिंट असतो. हे काम लहान नाही. सहा महिन्यांनी नसेत जीव आला आणि तोवर मनगट किंवा घोटा आखडून बसला असेल, तर परत आलेली ताकद वापरताच येत नाही.

किती दिवस लागतात?

ते नसेला काय झाले आहे त्यावर ठरते. नस नुसती दबली असेल तर बहुधा काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत हालचाल परतते. आवरण शाबूत राहून आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे एक इंच वाढतात. म्हणून इजेची जागा स्नायूपासून जितकी लांब, तितका वेळ जास्त. नस पूर्ण कापली गेली असेल तर थांबून उपयोग नाही, ती शस्त्रक्रियेने जोडावी लागते.

नसेशिवाय स्नायू फार काळ टिकत नाही. साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर नस पोहोचली तरी स्नायू नीट साथ देत नाही. त्यामुळे तीन महिन्यांत काहीच फरक दिसला नाही तर 'अजून थोडी वाट बघू' असे म्हणू नका, डॉक्टरांना पुन्हा दाखवा. नसेची विजेची तपासणी (ईएमजी-एनसीव्ही) बहुधा इजेनंतर तीन आठवड्यांनी सांगतात. तुटलेल्या तंतूचा खालचा भाग सुरुवातीचे काही दिवस संदेश वाहत राहतो, म्हणून त्याआधीची तपासणी फसवी ठरू शकते.

मनगट उचलत नाही

मनगट आणि बोटे मागे उचलणारी रेडियल नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली येते. तिथे ती हाडाला चिकटून असते. म्हणून दंडाचे हाड मध्यावर मोडले, किंवा खुर्चीच्या पाठीवर हात टाकून रात्रभर गाढ झोप लागली, की ती दुखावते. कोपर सरळ करणाऱ्या स्नायूकडे जाणाऱ्या तिच्या फांद्या त्याआधीच निघालेल्या असल्याने कोपराची ताकद टिकते. कोपरही सरळ होत नसेल तर नस काखेजवळ दबली असण्याची शक्यता आहे. याचे नेहमीचे कारण काखेत रुतणारी कुबडी. कुबडीचा वरचा कठडा काखेच्या दोन-तीन बोटे खाली हवा आणि वजन हातावर यायला हवे.

या रुग्णांना वाटते की मुठीची ताकदही गेली. तसे नसते. दुसऱ्या हाताने मनगट थोडे मागे धरा आणि मूठ आवळा, पकड लगेच सुधारेल. बोटे मिटणारे स्नायू दुसऱ्या नसांवर चालतात. मनगट खाली पडल्यावर त्यांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) सैल पडतात, एवढेच. म्हणून या स्प्लिंटमध्ये मनगट २० ते ३० अंश मागे ठेवतो. लांबी कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाच्या दोन-तृतीयांश ठेवतो. त्याहून आखूड असेल तर कडा रुततात. पुढची कड तळहाताच्या आडव्या रेषांच्या अलीकडे थांबायला हवी आणि अंगठ्याचा गड्डा मोकळा हवा. बोटांची मुळे वाकत नसतील तर स्प्लिंट चुकला आहे, तो परत आणा.

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, अंगठा ते अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते आणि करंगळी ठीक असते, हा मनगटातल्या बोगद्यात दबलेल्या मीडियन नसेचा त्रास. त्या बोगद्यात एका नसेसोबत नऊ कंडरा असतात आणि मनगट पुढे किंवा मागे वाकले की आतला दाब वाढतो. इथे मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लागतो, तोही मुख्यतः रात्री. शेजाऱ्याचा मागे वाकवलेला स्प्लिंट उसना घेऊन हा त्रास वाढू शकतो.

अनामिका आणि करंगळी आकड्यासारखी वाकली असतील तर अल्नर नस पाहावी लागते. त्यासाठी बोटांच्या मुळाशी असलेले सांधे मागे जाऊ न देणारा छोटा स्प्लिंट पुरतो. सोबत अंगावर फिका किंवा लालसर बधिर चट्टा असेल, किंवा कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागत असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषधे मोफत मिळतात. नुकतीच गेलेली ताकद वेळेत उपचार झाले तर परत येऊ शकते.

पाऊल घासते, चप्पल निसटते

गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या लगेच खालून पाऊल उचलणारी नस वळते आणि वर फक्त कातडी असते. तास न् तास उकिडवे बसून खुरपणी, सतत पायावर पाय टाकून बसणे, घट्ट प्लॅस्टरची कड, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे झपाट्याने उतरलेले वजन, यांपैकी काहीही तिला दुखवायला पुरते.

पण पाऊल कमरेतूनही पडते, त्यामुळे माप घेण्यापूर्वी आम्ही एक गोष्ट पाहतो. पाऊल आतल्या बाजूला जोर लावून वळवता येते का? येत असेल तर दोष बहुधा गुडघ्याजवळ. तीही ताकद कमी असेल आणि एका पायावर उभे राहताना कंबर दुसरीकडे कलत असेल तर मणक्यातून निघणारी कमरेतली पाचवी (लंबर) नस दबली असण्याची शंका येते. अशा वेळी आम्ही आधी डॉक्टरांकडे परत पाठवतो. चुकीच्या निदानावर बनवलेला स्प्लिंट महिने वाया घालवतो.

पायाचा स्प्लिंट घोटा ९० अंशांत धरतो. त्याची वरची कड त्या उंचवट्याच्या किमान दोन बोटे खाली असायलाच हवी, नाहीतर आधीच दुखावलेल्या नसेवर स्प्लिंटच दाब देतो. खुर्चीवर बसून, गुडघा वाकवून, टाच पूर्ण मागे टेकवून आधी घोट्याचा पट्टा लावा, मग पोटरीचा. टाच वर राहिली की चालताना पाय आत घसरतो आणि फोड येतात. आत सुती मोजा घाला. बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. मोकळी चप्पल चालत नाही, मागे पट्टा असलेली सँडल चालते.

पहिल्या दिवशी तासभर वापरा आणि रोज वाढवत न्या. काढल्यावर दिसणारी लाली २० ते ३० मिनिटांत गेली पाहिजे. जिथे कातडी बधिर आहे तिथे दुखण्याची वाट पाहू नका, रोज डोळ्यांनी पाहा. तळवा आरशात पाहा. मधुमेह असेल तर यात एक दिवसही चुकवू नका. गुडघा सरळ ठेवून पावलाला टॉवेल अडकवून आपल्याकडे ओढा, ३० सेकंद धरा. असे तीन-चार वेळा, दिवसातून दोनदा.

हाताचे स्प्लिंट ज्या प्लास्टिकचे बनतात ते गरम पाण्यात मऊ होते. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, गार पाणी आणि साबणाने धुवा. घरी तापवून किंवा कापून आकार बदलू नका. सूज उतरली की तो सैल होतो, तेव्हा घेऊन या.

आधी रुग्णालय

कंबरदुखीसोबत लघवी अडणे, गुदद्वार आणि जांघेजवळचा भाग बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जा, रात्र असली तरी. हाताची ताकद जाण्यासोबत चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळले तर तो पक्षाघात असू शकतो, एक मिनिटही दवडू नका. प्लॅस्टर घातल्यावर असह्य दुखत असेल आणि दुसऱ्याने बोटे सरळ केली की जीव जात असेल, तर प्लॅस्टर ताबडतोब उघडायला हवे.

मापासाठी येताना चिठ्ठी, असल्यास ईएमजीचा अहवाल, बाह्या वर जातील असे कपडे आणि पायासाठी रोज वापरता तेच बूट आणा, दोन्ही पायांचे.