केनियात धर्मादाय शाळा: भारतातून निधी पाठवण्यापासून शाळेच्या नोंदणीपर्यंत

आफ्रिकेत शाळा बांधायची ठरली की मंडळींचा पहिला प्रश्न असतो, किती लाख लागतील? त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. पैसा इथून कोणाच्या नावाने जाणार आणि तिकडे कोणाच्या खात्यात पडणार? याची कायदेशीर उत्तरे हातात नसताना देणग्या गोळा केल्या, तर पैसे बँकेत अडकतात, आयकराची नोटीस येते, किंवा चार वर्ग उभे राहतात आणि त्यांना शाळा म्हणून मान्यताच मिळत नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि प्रत्येकाचा कायदा निराळा. म्हणून खालची माहिती एकाच देशाची, केनियाची, आणि भारतात राहून तिथे मदत करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

भारतातून कोण पैसे पाठवू शकतो

सर्वांत सरळ मार्ग व्यक्तिगत देणगीचा. भारतात राहणारी कोणतीही व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, एका आर्थिक वर्षात सगळ्या कारणांसाठी मिळून २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. देणगी त्यातच मोडते. बँकेत ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरावा लागतो आणि पॅन सक्तीचा आहे. परदेशातील धार्मिक व धर्मादाय संस्थेला देणगी, यासाठी उद्देश संकेतांक एस १३०३ आहे. शाखेतले कर्मचारी सवयीने एस १३०२ म्हणजे वैयक्तिक भेट असे टाकतात. तसे झाले की तिकडच्या लेखापरीक्षणात ही रक्कम देणगी म्हणून दाखवताना अडचण येते, तेव्हा सही करण्यापूर्वी संकेतांक स्वतः वाचा.

वर्षभरातली एकूण परदेशी रक्कम १० लाख रुपयांच्या पुढे गेली, की वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापते. १२ लाख पाठवणाऱ्याला २ लाखांवर ४०,००० रुपये जास्तीचे भरावे लागतात. विवरणपत्रात ते वळते करून घेता येतात, पण तोवर पैसा अडकून राहतो. मोठ्या देणगीदाराला हे आधीच सांगून ठेवा.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो पुढच्या गोष्टीत. चाळीस जणांनी एकाच्या खात्यात पैसे जमा करायचे आणि त्याने ते आपल्या नावाने पाठवायचे, ही पद्धत चालत नाही. ए२ सोबतच्या घोषणापत्रात 'ही रक्कम माझी स्वतःची आहे' असे लिहून द्यावे लागते. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक मिळाले, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. हेतू कितीही शुद्ध असला तरी कर त्याच्याच डोक्यावर बसतो. म्हणून ज्याने त्याने आपापल्या खात्यातून थेट केनियातल्या संस्थेच्या खात्यात पाठवावे. छोट्या देणग्यांना बँकेचे शुल्क फार पडते, तेव्हा दरमहा पाचशे पाठवण्याऐवजी वर्षातून एकदाच पाठवलेले बरे.

ट्रस्ट, कंपनी, भागीदारी संस्था, हिंदू अविभक्त कुटुंब यांना एलआरएस लागू नाही. सार्वजनिक ट्रस्टला दोन कुलुपे उघडावी लागतात. पहिले परकीय चलनाचे. व्यक्ती सोडून इतरांच्या परदेशी देणग्यांवर मर्यादा आहेत आणि त्यांपलीकडे रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. हा अर्ज आपल्या बँकेमार्फतच जातो. दुसरे कुलूप आयकराचे. १९६१ च्या कायद्यातील कलम ११(१)(सी) प्रमाणे, १ एप्रिल १९५२ नंतर स्थापन झालेल्या ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश असल्याशिवाय करमुक्तीसाठी धरला जात नाही. आदेश मिळण्यासाठी त्या कामात भारताला रस असलेले आंतरराष्ट्रीय कल्याण साधले जाते, हे दाखवावे लागते. अर्जाला ट्रस्टची घटना (तिच्या उद्दिष्टांत भारताबाहेरचे काम बसले पाहिजे), १२एबी नोंदणी (धर्मादाय संस्था म्हणून आयकर खात्याकडची नोंदणी), मागील लेखापरीक्षित हिशेब, प्रकल्प अहवाल आणि तिकडच्या संस्थेची नोंदणीपत्रे जोडा. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. अर्जात कोणता घालायचा ते सनदी लेखापालाकडून तपासून घ्या. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०जी कलमाची आयकर सवलत नाही. ती मिळेल असे पत्रकात छापू नका.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीचा विचार सोडून द्या. भारताबाहेरचे काम सीएसआरमध्ये धरले जात नाही. अपवाद आहे तो राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. नोंदणी नसलेल्या गटाला महाराष्ट्रात लोकांकडून वर्गणी जमवायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. पण तिने फक्त वर्गणीचा प्रश्न सुटतो, पैसा बाहेर पाठवण्याचा नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींनी आपापल्या देशाच्या कायद्याने चालावे. अमेरिकेत करसवलत हवी असेल तर देणगी ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय, तिथल्या संस्थेमार्फत जायला हवी, ब्रिटनमध्ये गिफ्ट एड या करसवलतीसाठी मान्यताप्राप्त ब्रिटिश संस्थेमार्फत. संयुक्त अरब अमिरातीत मात्र २०२१ च्या कायद्याने परवाना नसलेल्यांना निधी गोळा करायला मनाई आहे. दुबईच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आवाहन टाकणे तिथल्या माणसाला गोत्यात आणू शकते.

केनियातली संस्था

शाळेची मालकी आणि खाते स्थानिक नोंदणीकृत संस्थेच्या नावावर हवे. वेगवेगळे पर्याय आहेत: सार्वजनिक हिताची संस्था (पीबीओ), विश्वस्त कायद्याखालचा ट्रस्ट, किंवा हमीने मर्यादित कंपनी (भागभांडवलाऐवजी सदस्यांच्या हमीवर उभी असलेली). पीबीओ कायदा २०१३ साली संमत झाला, पण लागू झाला १४ मे २०२४ पासून, आणि त्याने १९९० चा एनजीओ कायदा मागे पडला. त्यामुळे जुने एनजीओ प्रमाणपत्र दाखवणाऱ्या संस्थेकडे नव्या कायद्याखालची तिची आजची स्थिती लेखी मागा. आंतरराष्ट्रीय संस्था म्हणून नोंदणी करणार असाल तर संचालकांपैकी किमान एकतृतीयांश केनियात राहणारे केनियन नागरिक हवेत.

नवी संस्था काढण्याऐवजी आधीच मुले शिकवत असलेल्या स्थानिक संस्थेला हात द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्याकडे शिक्षक असतात, पालकांचा विश्वास असतो आणि हिशेबाचा काही इतिहास असतो. तपासायची कागदपत्रे अशी: नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे, केनियाच्या महसूल प्राधिकरणाचा (केआरए) पिन, म्हणजे करदाता क्रमांक, बँकेचे पत्र (दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत असे नमूद केलेले), आणि लेखापरीक्षित हिशेब. पैसे एम-पेसावर (तिथली मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा) कोणाच्या व्यक्तिगत क्रमांकावर मागितले गेले, तर तिथेच थांबा. करमाफी आपोआप मिळत नाही, तिचा वेगळा अर्ज केआरएकडे करावा लागतो.

जमीन

इथे घाई केली की पुढचे सगळे फसते. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतील कलम ६५ प्रमाणे परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला जमीन मालकीने घेता येत नाही. भाडेपट्टा मिळतो, तोही जास्तीत जास्त ९९ वर्षांचा. एकही परदेशी भागधारक असलेली कंपनी परदेशीच धरली जाते. शेतजमिनीचे नियम त्याहून कडक आहेत. तिच्या प्रत्येक व्यवहाराला भूमी नियंत्रण मंडळाची संमती लागते आणि परदेशी व्यक्तीला हस्तांतर असेल तर मंडळ ती नाकारते. करार झाल्यापासून सहा महिन्यांत संमतीचा अर्ज गेला नाही, तर व्यवहारच रद्दबातल ठरतो. गावातल्या शाळांची बहुतेक जमीन शेतीचीच असते, त्यामुळे हा मुद्दा हमखास येतो.

गावातल्या ज्येष्ठांनी तोंडी दिलेल्या जागेवर पाया खणू नका. मालकीपत्राची प्रत, भूमी नोंदणी कार्यालयाचा ताजा शोध अहवाल, मोजणी नकाशा, मंडळाची संमती, शेतीऐवजी शैक्षणिक वापराची काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाची) परवानगी, एवढे हातात आल्यावरच रक्कम सोडा. स्थानिक संस्था भाडेपट्ट्यावर जागा घेत असेल तर तो नोंदवलेला आणि किमान तीस वर्षांचा असावा.

इमारत आणि शाळेची मान्यता

सप्टेंबर २०१९ मध्ये नैरोबीच्या डागोरेट्टी भागात लाकूड व पत्र्याची शाळा कोसळून मुले दगावली. त्यामुळे 'आधी कच्चे बांधू, मग बघू' हे बोलणे मनातून काढून टाका. नकाशे नोंदणीकृत वास्तुविशारद व अभियंत्याचे हवेत, त्यावर काउंटीची मंजुरी हवी, प्रकल्प राष्ट्रीय बांधकाम प्राधिकरणाकडे नोंदवलेला हवा आणि पर्यावरण प्राधिकरणाचा परवानाही हवा. काम जून ते सप्टेंबरमध्ये बसवा. मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, या काळात विटा, सिमेंट आणि रस्ता तिन्ही अडतात.

शालेय सुरक्षेच्या २००८ च्या नियमपुस्तिकेत वर्गखोली ७.५ मीटर बाय ६ मीटर सांगितली आहे, दोघांच्या बाकांवर ४० मुलांसाठी. दारे बाहेर उघडणारी आणि खिडक्या गजांविना. शौचालयांचा हिशेब असा: पहिल्या ३० मुलांना ४, पुढच्या २७० मुलांना दर ३० मागे १, त्यापुढे दर ५० मागे १. पूर्वप्राथमिकचे दोन आणि प्राथमिकचे सहा असे आठ वर्ग, प्रत्येकी ४० मुले, म्हणजे ३२० मुले आणि १४ शौचालये. खड्ड्याचे शौचालय विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान १५ मीटर दूर असावे लागते. अंदाजपत्रकात शौचालये शेवटी धरली जातात आणि पैसा संपला की तीच कापली जातात. मग आरोग्य अधिकारी अहवाल देत नाही आणि नोंदणी तिथेच अडते.

पूर्वप्राथमिक शिक्षण काउंटी सरकारच्या अखत्यारीत येते, पहिलीपासून पुढचे राष्ट्रीय शिक्षण मंत्रालयाच्या. म्हणून एकाच आवारातल्या शाळेला दोन दारांवर जावे लागते. पहिलीपासूनच्या नोंदणीचा अर्ज काउंटी शिक्षण मंडळाकडे जातो. त्यासोबत जमिनीचा पुरावा, संस्थेचे प्रमाणपत्र, व्यवस्थापन समितीचा ठराव, सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याचा अहवाल, गुणवत्ता अधिकाऱ्याचा पाहणी अहवाल, चालकांची पोलीस चारित्र्य प्रमाणपत्रे आणि शिक्षकांचे टीएससी (शिक्षक सेवा आयोग) नोंदणी क्रमांक द्यावे लागतात. टीएससीकडे नोंद नसलेल्या माणसाला शिकवता येत नाही, मग तो भारतातून आलेला निवृत्त मुख्याध्यापक का असेना. तिथे राहून सेवा करायची तर धर्मादाय कामाचा 'आय' वर्गाचा परवाना किंवा विशेष पास लागतो. पर्यटक म्हणून जाऊन वर्ग घेणे बेकायदा आहे.

बांधकामाला अनुदान कुठून

सगळा भार देणगीदारांवर टाकण्याची गरज नाही. नैरोबीतील जपानी दूतावासाची तळागाळातील प्रकल्पांसाठीची अनुदान योजना वर्गखोल्यांना पैसे देते, साधारण १ कोटी येनपर्यंत. अर्ज स्थानिक बिगरनफा संस्थेने करायचा. व्यक्तीला किंवा नफ्याच्या संस्थेला मिळत नाही. अर्जाला नोंदणीपत्र, हिशेब, जमिनीचे कागद, नकाशे, सविस्तर अंदाजपत्रक आणि प्रत्येक मोठ्या बाबीसाठी तीन दरपत्रके लागतात. त्यानंतर दूतावासाची माणसे जागा पाहतात. करारावर सही होण्याआधी केलेला खर्च मिळत नाही, म्हणून उत्साहाने पाया घालून ठेवू नका. पगार आणि रोजचा खर्च या योजनेत बसत नाही.

रोटरीचे ग्लोबल ग्रँट किमान ३०,००० डॉलरच्या प्रकल्पाला मिळते. त्यासाठी केनियातला एक आणि बाहेरच्या देशातला एक असे दोन क्लब लागतात. मात्र त्यातून शाळेची इमारत बांधता येत नाही. पाणी, शौचालये, शिक्षक प्रशिक्षण यांसाठी अर्ज करा. इमारतीचा अर्ज करून महिने घालवणारे गट बरेच असतात.

चालवण्याचा खर्च

बांधकामाला देणगीदार मिळतो, कारण भिंतीवर नावाची पाटी लावता येते. चौथ्या वर्षीच्या मे महिन्याच्या पगाराला कोणी मिळत नाही, आणि शाळा बंद पडतात त्या तिथेच. म्हणून तीन वर्षांचा चालू खर्च हातात किंवा लेखी वचनात आल्याशिवाय बांधकाम सुरू करू नये. वर्ष जानेवारीत सुरू होते आणि तीन सत्रांत नोव्हेंबरपर्यंत संपते, पण पगार बाराही महिन्यांचा धरा. ठरलेल्या पगारावर मालक म्हणून संस्थेला एनएसएसएफचे (राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा निधीचे) ६ टक्के (कमाल मर्यादेपर्यंत) आणि गृहनिर्माण अधिभाराचे १.५ टक्के वेगळे भरावे लागतात. आरोग्य निधीचे २.७५ टक्के शिक्षकाच्या पगारातून कापून भरायचे असतात. हे भरले नाही तर दंड वाढत जातो आणि कर अनुपालन प्रमाणपत्र मिळत नाही. ते नसले की पुढच्या अनुदानाचा अर्जही टिकत नाही. दुपारचे जेवण, पाणी, दुरुस्ती आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण वेगळ्या ओळींत दाखवा. आठही वर्ग एकदम उघडण्यापेक्षा पूर्वप्राथमिकचे दोन आणि पहिली एवढ्यावर सुरुवात करून दरवर्षी एक वर्ग वाढवावा. निवासी शाळा सुरुवातीला नकोच. २०२४ मध्ये न्येरी काउंटीतल्या एका शाळेच्या वसतिगृहाला आग लागून २१ मुले गेली. वसतिगृहाची जबाबदारी पेलायला रात्रंदिवस प्रशिक्षित माणसे लागतात.

देणगीदारांना मुलांची छायाचित्रे पाठवण्यापूर्वी प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या. केनियाच्या २०१९ च्या माहिती संरक्षण कायद्याखाली, संमतीविना मुलांची छायाचित्रे प्रसिद्ध केल्याबद्दल २०२३ मध्ये एका शाळेला ४५.५ लाख शिलिंगांचा दंड झाला होता. संमतीपत्र इंग्रजी आणि स्वाहिली दोन्ही भाषांत असावे आणि प्रवेश अर्जापासून वेगळ्या कागदावर असावे. जुने संगणक किंवा पुस्तके कंटेनरने पाठवायची असतील, तर शुल्कमाफीचे पत्र हातात आल्यावरच माल चढवा. माल मोम्बासा बंदरात पोचल्यावर माफी मागत बसलात, तर गोदामभाडे आणि विलंबशुल्क मालाच्या किमतीपेक्षा वर जाते. पुस्तके आणि बाके नैरोबीतच विकत घेतलेली बहुतेक वेळा स्वस्त पडतात, आणि पुस्तके तिथल्या अभ्यासक्रमाचीही असतात.