वाळवंटाचा कोरडेपणाच हिम वाचवतो

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियाच्या उत्तरेकडच्या अल-जौफ भागातून पांढऱ्या झालेल्या वाळवंटाचे व्हिडिओ आले. 'इतिहासात पहिल्यांदाच वाळवंटात बर्फवृष्टी!' असे मथळे झळकले. त्यातलं 'पहिल्यांदाच' चूक होतं आणि 'बर्फवृष्टी'ही बहुतांशी चूकच. तिथे पडल्या त्या प्रामुख्याने गारा. द्राक्षाच्या किंवा आंब्याच्या हंगामात आपल्याकडे पडतात तशाच. गारेला जमिनीजवळ थंडी लागतच नाही, उलट बहुधा तापलेली जमीन लागते. गरम हवा जोराने वर उसळते, पाण्याचे थेंब कित्येक किलोमीटर उंच नेते, तिथे ते गोठतात आणि थरावर थर चढून जड झाले की खाली कोसळतात. त्यांचा वेग एवढा असतो की उबदार हवेत वितळायला त्यांना वेळच मिळत नाही.

खरं हिम वेगळं. पण सौदीत तेही पडतं. ताबूकजवळचा अडीच हजार मीटरहून उंच जबल अल-लौझ हा डोंगर हिवाळ्यात अनेकदा पांढरा होतो. अल्जीरियात सहाराच्या उंबरठ्यावरच्या ऐन सफ्रा गावातल्या लालसर वाळूच्या टेकड्यांवर डिसेंबर २०१६ मध्ये हिम पसरलं आणि जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंच, ॲटलस पर्वतरांगेला लागून. युरोपावरची थंड हवा कधीकधी एखाद्या जिभेसारखी दक्षिणेकडे उतरते, वाटेत समुद्रावरून बाष्प घेते आणि ॲटलसवर चढताना ढग बनवते. एवढं झालं की ढगात हिमकण तयार होतात.

पण ढगात हिमकण तयार होणं आणि ते जमिनीवर पोचणं यात मोठं अंतर आहे. मुंबईवरच्या पावसाळी ढगांच्या वरच्या भागातही हिमकण असतात. ते वाटेत वितळतात आणि आपण त्यांना पाऊस म्हणतो. मग वाळवंटात, जमिनीजवळ पारा शून्याच्या चार-पाच अंश वर असतानाही, ते कधीकधी वाचतात कसे?

मला हवामानशास्त्रातलं सगळ्यात सुंदर वाटणारं उत्तर इथे आहे. हिमकण सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने खाली येतो. शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिच्या खाली हवा शून्याहून उबदार असते ती उंची, ओलांडली की त्याच्या कडा ओल्या होऊ लागतात. दमट हवेत त्या पातळीच्या खाली साधारण ३०० मीटरमध्ये त्याचा पाऊस होऊन जातो. हवा कोरडी असेल, तर मात्र कडांवरचं पाणी भराभर उडू लागतं. उडायला उष्णता लागते आणि ती कणातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमाने.

आता आकडे पाहा. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ जूल उष्णता लागते. शून्य अंशाजवळ एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,५०० जूल. म्हणजे एक ग्रॅम पाणी उडालं, तर जवळपास साडेसात ग्रॅम बर्फ वितळवू शकली असती एवढी उष्णता तिकडेच खर्ची पडते. हवेच्या बाजूने पाहिलं, तर एक किलो हवेत एक ग्रॅम वाफ मिसळली की ती हवा सुमारे अडीच अंशांनी थंड होते.

म्हणूनच हिम पडेल का हे ठरवताना साधा तापमापक अपुरा पडतो. त्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून, वारा घालून जे तापमान मिळतं, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. हवा ५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर हे तापमान शून्याच्या आसपास येतं. तीच ५ अंशांची हवा ९० टक्के दमट असेल, तर ते चार अंशांच्या वरच राहतं. पहिल्या हवेत हिमकणाला आशा आहे, दुसऱ्या हवेत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. सुरुवातीचे हिमकण जमिनीवर पोचतच नाहीत, हवेतच विरून जातात. पण विरताना ते हवा थंडही करतात आणि ओलीही. या सगळ्यात वेट बल्ब तापमान जवळजवळ जागचं हलत नाही. साधं तापमानच घसरत घसरत त्याला येऊन मिळतं. मागून येणाऱ्या कणांना आयती थंड वाट मिळते. अर्थात वरून हिमकणांचा पुरवठा टिकला पाहिजे, नाहीतर सगळेच वाटेत संपतात. कोरड्या प्रदेशांत बहुतेक वेळा होतं ते हेच.

अशा घटनेला कुणी प्रलयाची खूण ठरवतं, तर कुणी 'कुठे आहे ती तापमानवाढ?' असं विचारतं. दोघेही एका दिवसाच्या हवेवरून भलते निष्कर्ष काढतात. हवामानबदल मोजतात तो अनेक दशकांच्या नोंदींवरून. खोट्या चित्रांचं तर विचारूच नका. डिसेंबर २०१३ मध्ये कैरोच्या परिसरात खरोखर हिम पडलं, पण जगभर फिरलेला हिमाच्छादित स्फिंक्सचा फोटो जपानमधल्या एका उद्यानातल्या छोट्या प्रतिकृतीचा होता.

आता महाबळेश्वर. वेण्णा तलावाजवळ हिवाळ्यात सकाळी गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि 'महाबळेश्वरात बर्फ' अशी बातमी येते. तो थर गोठलेल्या दवाचा असतो, वरून पडलेला नसतो. निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात फेकते आणि जमिनीलगतचा हवेचा पातळ थर तेवढा गोठणबिंदूला टेकतो. त्यासाठी आकाश मोकळं लागतं, हिमासाठी ढग लागतात. शिवाय ऐन सफ्रा ३३ अंश उत्तरेजवळ आहे, महाबळेश्वर १८ अंशांवर. इथे हिवाळ्यातही शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटरच्या वर असते आणि गाव साडेतेराशे मीटरवर. मधल्या अडीच किलोमीटरहून जास्त उबदार हवेतून हिमकण वाचवायला हवा कितीही कोरडी असली तरी पुरणार नाही.